एका क्रियापदावरून पडलेली फूट

जर्मनीतील मारबुर्गच्या किल्ल्यात ऑक्टोबर १५२९ मध्ये झालेल्या चर्चेत मार्टिन ल्यूथर यांनी प्रारंभीच मेजावर खडूने एक लॅटिन वाक्य लिहिले. अखेरच्या भोजनात येशूने हाती भाकर घेऊन ‘हे माझे शरीर’ असल्याचे सांगितले, तेच हे वाक्य. वाद होता तो त्यातील ‘आहे’ या क्रियापदाचा.

ल्यूथर यांच्या मते शब्द स्पष्ट असताना त्याला वळसा घालण्याचा अधिकार माणसाला नाही. प्रभुभोजनात ख्रिस्ताचे शरीर खरोखरच उपस्थित असते. झ्युरिकचे धर्मसुधारक उलरिख झ्विंग्ली यांना हे अमान्य होते. येशूने स्वतःला द्राक्षवेलही म्हटले आहे. तेथे कोणी शब्दशः अर्थ घेत नाही, मग येथेच का? ‘आहे’ म्हणजे ‘दर्शविते’, असे त्यांचे प्रतिपादन होते. गंमत अशी, की येशूच्या अ‍ॅरेमिक बोलीत अशा वाक्यात हे क्रियापद उच्चारावेच लागत नाही. मराठीतही ‘हे माझे घर’ एवढे पुरते. शुभवर्तमाने मात्र ग्रीकमध्ये लिहिली गेली आणि तेथे ते क्रियापद आहे.

ही चर्चा हेसचा अधिपती फिलिप याने घडवून आणली होती. सम्राट पाचव्या चार्ल्सविरुद्ध प्रॉटेस्टंट संस्थानांची एकजूट व्हावी, हा त्याचा हेतू. पंधरापैकी चौदा कलमांवर एकमत झाले. पंधराव्यातील शरीराच्या उपस्थितीचा मुद्दा तेवढा अडला. ल्यूथर यांनी झ्विंग्ली यांना धर्मबंधू मानण्यास नकार दिला. दोनच वर्षांनी कापेलच्या लढाईत झ्विंग्ली मारले गेले.

शास्त्र हाच अंतिम आधार, हे दोघांनाही मान्य होते, आणि खरी अडचण तेथेच होती. आधार एक असूनही अर्थ दोन निघाले, तर निवाडा कोणी करावा? रोमन कॅथॉलिक परंपरेने १५४६ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेत तो अधिकार चर्चकडे असल्याचे ठरविले. भाकरीचे तत्त्वच पालटते, ही आपली भूमिकाही तिने १५५१ मध्ये पुन्हा मांडली. कॅल्विन यांनी आत्मिक उपस्थितीचा मधला मार्ग सुचविला.

युरोपातील ल्यूथरन आणि रिफॉर्म्ड चर्चनी परस्परांना प्रभुभोजनात सहभागी करून घेण्याचा करार केला तो १९७३ मध्ये, स्वित्झर्लंडमधील लॉयेनबर्ग येथे. मारबुर्गनंतर ४४४ वर्षांनी.