बारा चटयांचं घराणं

आमच्या जुन्नर-आंबेगावच्या मुलखात अनोळखी माणसाला कुणी नाव विचारीत नाही. "कुणाचा रं तू?" असं विचारतात. तुम्ही नाव सांगितलंत, तर "ते राहू दे, कुणाचा?" असा पुन्हा सवाल. मग वडील, आजोबा, आजोळ, आत्याचं सासर अशी सगळी उतरंड उतरवून झाली, की समोरचा "म्हंजे आपल्यातलाच की!" म्हणतो आणि चहा सांगतो. या दोन तालुक्यांत मी आजवर जेवढा फुकट चहा प्यालो, त्याचं श्रेय माझ्या नव्हे, माझ्या पणजोबांच्या कर्तबगारीला आहे.

हे वेड आजचं नाही. नाणेघाटातल्या लेण्यात सातवाहनांनी दोन हजार वर्षांपूर्वी आपलं अख्खं कुटुंब भिंतीवर कोरवून घेतलं होतं. सिमुक, श्रीसातकर्णी, राणी नागनिका, राजकुमार, सगळे ओळीनं. आज त्या मूर्ती नाहीत. वर नावं आहेत, खाली पावलांच्या खुणा आहेत, मधली माणसं तेवढी गायब. पुष्कळ नामवंत घराण्यांची अवस्था याहून निराळी नसते. पण हा विषय लग्नाच्या बैठकीत काढू नये.

तर अशा मुलखात, बाजारपेठेतल्या एका दुकानाच्या माडीवर ज्युदोचा क्लास निघाला आणि भिंतीवर एका जपानी गृहस्थांचा फोटो लागला. आमच्या गावच्या वस्तादांची नात तिथं जाऊ लागली. वस्तादांना सगळा गाव आबा म्हणतो. जत्रांच्या आखाड्यांत उमर गेली, कान मोडून भज्यासारखे झालेले. नातीला सोडायला आले, फोटोकडे निरखून पाहिलं आणि मला विचारते झाले, "गुरुजी, हे कुणाचे?"

इतिहासाच्या निवृत्त मास्तराला असा प्रश्न विचारणं म्हणजे भर पावसाळ्यात धरणाचा दरवाजा उघडणं. आबांना तासभर जागचं हलता आलं नाही.

हे जिगोरो कानो. जन्म १८६०. अंगानं किरकोळ. शाळेतली दांडगी पोरं छळत, म्हणून जुजुत्सू शिकायचं यांनी मनात घेतलं. पण शिकवणार कोण? सामुराईंची सद्दी संपलेली, १८७६ साली तलवार बाळगायलाही बंदी आली. जुने आखाडे ओस पडलेले आणि कित्येक वस्ताद मोडलेली हाडं बसवून पोट भरत होते. तेव्हा कानोंनी हाडवैद्यांकडेच चौकशी करीत गुरू शोधला.

"म्हंजे तिकडं पण त्येच!" आबा एकदम म्हणाले. गेली कित्येक वर्षं गावातले निखळलेले खांदे आबाच बसवतात.

कानो दोन घराण्यांत शिकले. तेन्जिन शिन्यो घराण्याकडून पकडी आणि कितो घराण्याकडून माणूस उचलून फेकण्याची विद्या. दोन्हींतलं हवं ते घेतलं, हातपाय मोडणारे घातक डाव सरावातून वगळले आणि १८८२ साली तोक्योतल्या एइशोजी मंदिरात आपली शाळा काढली. तिचं नाव कोदोकान. जागा किती, तर बारा चटयांची एक खोली. वय किती, तर एकवीस. आपल्याकडे या वयात मुलगा फार तर दाढी राखून पाहतो.

पुढे त्या बारा चटया जगभर पसरल्या. १९०५ साली सानो नावाचे शिक्षक रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनात आले. १९२९ साली रवींद्रनाथांनी ताकागाकींना बोलावून घेतलं. माएदा नावाचे कोदोकानचे मल्ल १९१४ साली ब्राझीलला पोचले आणि तिथल्या ग्रेसी घराण्यातल्या पोराला त्यांनी डाव दिले. त्या पोरानं आणि त्याच्या भावांनी पुढे स्वतःचंच घराणं उभारलं. घरजावयानं सासऱ्याच्या दुकानासमोरच आपलं दुकान थाटावं, तसं.

आणि १९६४ साली तर नवल झालं. ज्युदो ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच आला, तोही तोक्योतच. सर्व वजनांच्या खुल्या गटात हॉलंडच्या अँटन गेसिंकनं जपानच्या कामिनागाला जखडून धरलं आणि सुवर्णपदक नेलं. देशोदेशी गेलेली विद्या माहेरी परतली, ती माहेरच्यांनाच चीत करून! पण गेसिंकचे लोक आनंदानं गादीवर धावून येऊ लागले, तेव्हा त्यानं हात वर करून त्यांना थोपवलं. हरलेल्याचा मान राखला. घराण्याचा वारस कोण, हे त्या एका हातानं सांगितलं.

"आणि आपली गाठ कधी पडली का यांच्याशी?" आबांनी विचारलं.

पडली होती. हेलसिंकी, १९५२. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक त्यांचं, ब्राँझ. हे आबांना तोंडपाठ. पण त्यांना हरवून सुवर्ण नेणारा शोहाची इशी मुळात ज्युदोचा गडी, हे त्यांना ठाऊक नव्हतं. महायुद्धानंतर अमेरिकनांच्या अमलात ज्युदोवर बंधनं आली, म्हणून तो कुस्तीकडे वळला. म्हणजे लाल मातीचा आणि बारा चटयांचा सामना फिनलंडातल्या गादीवर झाला होता! आबा बराच वेळ काही बोलले नाहीत.

तेवढ्यात नातीनं जोडीदारणीला खांद्यावरून फेकायचा डाव घेतला. सेओई-नागे म्हणतात त्याला.

"हा तर आपला धोबीपछाड!" आबा उठलेच. "आन् कंबर कुठं ठेवलीस गं? आत घे अजून. गुडघं वाकव." नातीनं कंबर आत घेतली आणि जोडीदारीण अलगद गादीवर आली.

माडीवर सगळे हसले. मला मात्र गावची तालीम आठवली. तिथं आता खताच्या गोण्या असतात. मुलींनी हौद्यात पाय टाकायचा नाही, हा तिथला दंडक आबांनीच पाळलेला, आणि मुलं यायची केव्हाच थांबलेली. आबांच्या पोतडीतले डाव आबांबरोबरच जायचे होते. डिंभे धरणात आमचं जुनं आंबेगाव बुडालं. तालुक्याला नाव त्याचं, कचेऱ्या घोडेगावला. नाव टिकलं म्हणून कुणाला त्या गावात राहता येत नाही. विद्येचंही तसंच असावं. ती भिंतीवर टिकत नाही, या अंगातून त्या अंगात जाते तेवढीच उरते. मग वाटेत भाषा बदलो, देश बदलो, नाहीतर आजोबाची नात होवो.

आता आबा आठवड्यातून दोनदा माडीचा जिना चढतात. परवा क्लासचे सर भीतभीत म्हणाले, "आबा, कानोसाहेबांच्या शेजारी तुमचाही एक फोटो लावू का?"

"फोटूचं ऱ्हाऊ द्या," आबा म्हणाले. "पोरं पाठवा."