अळणावर–दांडेली : आत्याच्या गावची गाडी

परवा नातवानं विचारलं, "आजोबा, दांडेलीला रेल्वे नाही का हो?" म्हटलं, होती रे बाबा. म्हणून हे लिहायला बसलो.

आम्ही धारवाडचे. धारवाडहून लोंढ्याकडे जाताना अळणावर जंक्शन लागतं. तिथून दांडेलीला सुमारे 26 किलोमीटरचा फाटा इंग्रजांनी 1919 साली टाकला. माणसांच्या सोयीसाठी नव्हे बरं का, जंगलातलं लाकूड बाहेर काढायला. तेव्हा इकडची रेल्वे मद्रास अँड सदर्न मराठा कंपनीची. हुबळीचं वर्कशॉप काढलं त्या सदर्न मराठा कंपनीचाच तो पुढचा अवतार.

1955 मध्ये दांडेलीत वेस्ट कोस्ट पेपर मिल स्थापन झाली आणि गावात कामगारांची वस्ती वाढली. माझी आत्या तिथंच दिलेली. मे महिन्यात आम्ही भावंडं आईबरोबर निघायचो. अळणावरला गाडी बदलायची, मीटर गेजच्या छोट्या डब्यात खिडकीसाठी भांडायचं, आईनं दशम्या आणि शेंगांची चटणी सोडायची. दोन्ही बाजूंना नुसतं रान. स्टेशनवर आत्या आधीच येऊन उभी असायची.

90 च्या दशकात प्रवासी गाडी बंद झाली. नोव्हेंबर 2019 मध्ये पुन्हा सुरू झाली, तीही आंबेवाडीपर्यंत. आम्ही दोघं हौसेनं जाऊन आलो. आत्या तोवर गेली होती. मार्च 2020 मध्ये लॉकडाउन लागला, देशभरच्या गाड्या थांबल्या, तशी हीही थांबली.

मी जन्मभर बँकेत आकडेमोड केली. एकदा एका खेड्यातली शाखा तोट्यात म्हणून बंद करावी, असा अहवाल मीच लिहिला. आकडे बरोबर होते. पण पेन्शनसाठी तिथं चालत येणाऱ्या म्हाताऱ्यांचा रकाना त्या तक्त्यात नव्हताच. या लाइनचंही तसंच. लाकडाच्या हिशेबावर ती सुरू झाली. माहेरवाशिणी, बाजाराला जाणाऱ्या बायका, शाळेची पोरं कुठल्याच खात्यावर चढली नाहीत. मग तोटा धरायचा तरी कुणाचा?

आत्याला माहेरी यायला ती गाडी होती. गाडी बंद झाल्यावर बस बदलत येणं तिला झेपेना. शेवटची काही वर्षं ती धारवाडला आलीच नाही. आम्हीही "जाऊ, जाऊ" म्हणत राहिलो. हा खर्च मात्र माझ्याच नावे आहे.

तुमच्यापैकी कुणी त्या गाडीनं गेलं असेल तर जरूर लिहा. निदान इथं तरी नोंद राहील.