बारदेशचीं पोरकीं मुलें व कुडाळ प्रांतींचा आसरा

(१)

मूल नाहींसें झालें म्हणजे आईबाप काय करतात व गांव काय करतो, हा प्रश्न इतिहाससंशोधकाच्या कक्षेंतला नव्हे असें पुष्कळांस वाटेल. लढाया, तह, वतनें व सनदा ह्यांच्या शोधांत गढलेल्या आम्हां मंडळींस घरांतील पाळण्याकडे पाहण्यास सवड थोडी. परंतु सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवर हाच प्रश्न सुमारें दोनशें वर्षें राज्यकारभाराचा प्रश्न होऊन बसला होता, आणि त्याचे कागदही आहेत. मात्र ते कागद ज्यांनीं मुलें नेलीं त्यांचे आहेत. ज्यांचीं गेलीं त्यांचे नाहींत. एकाच बाजूच्या कागदांवरून दुसऱ्या बाजूची हकीकत कितपत काढतां येते, हें पाहण्याचा ह्या लेखाचा हेतु आहे.

प्रथम स्थळ सांगितलें पाहिजे. तेरेखोलच्या खाडीच्या उत्तरेस रेडी, आरोंदें, सातार्डें हीं गांवें. दक्षिणेस पेडणें महाल. आणि पेडण्याच्या दक्षिणेस कोलवाळची नदी ओलांडली कीं बारदेश लागतो. धडधाकट माणसानें पहांटे कोलवाळ सोडलें तर सांजवेळीं तो आरोंद्यास पोंचावा, इतकेंच हें अंतर. बारदेश व साष्टी हे महाल १५४३ पासून पोर्तुगेजांकडे होते. पेडणें, डिचोली व त्यांच्या पाठीमागचा कुडाळ प्रांत हा मुलूख प्रथम विजापूरकरांचा व पुढें भोसले आणि वाडीकर सावंत ह्यांच्या अमलांतला. मधली नदी म्हणजे दोन राज्यांची सीमा, आणि पुढें सांगावयाच्या हकीकतींत सर्व कांहीं ह्या सीमेवरच अवलंबून आहे.

(२)

तारीख २३ मार्च १५५९ रोजीं पोर्तुगालचा राजा दों सेबास्तियांव ह्याच्या नांवानें एक हुकूम निघाला. गोवें शहर व बेटें ह्यांतील हिंदूंचीं जीं मुलें आईबाप, आजाआजी वा इतर वडीलधारें माणूस नसलेलीं व अज्ञान असतील, तीं पोरक्यांच्या न्यायाधीशानें ताब्यांत घेऊन येशूसंघाच्या सांव पावलु विद्यालयाच्या स्वाधीन करावीं, तेथें त्यांस बाप्तिस्मा द्यावा व शिक्षण द्यावें, असा त्याचा आशय आहे. त्या वेळीं गोव्यास दों कोंस्तांतीनु दि ब्रागांझ हा व्हाइसरॉय होता. पोरक्या मुलांसाठीं स्वतंत्र न्यायाधीश ठेवण्याची रीत पोर्तुगालांतीलच होती, आणि हुकूम काढणाऱ्यांच्या मनांत आपण अनाथांचा सांभाळ करीत आहों अशीच समजूत असली पाहिजे, हें न्यायबुद्धीनें कबूल केलें पाहिजे.

येथें एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. ज्याच्या नांवानें हा हुकूम सुटला तो राजा त्या दिवशीं अवघा पांच वर्षांचा होता. त्याचा बाप त्याच्या जन्मापूर्वींच वारला होता, आई स्पेनास निघून गेली होती, आणि राज्याचा कारभार त्याची आजी कातारीना पाहत होती. स्वतःच पितृहीन असलेल्या, आजीच्या मांडीवर वाढणाऱ्या बालकाच्या नांवानें परमुलखांतील पितृहीनांचें भवितव्य ठरलें. त्यास मात्र आजीपासून कोणी नेलें नाहीं.

हुकुमाचे शब्द पाहतां ज्यास घरचें कोणीच उरलें नाहीं अशाच मुलास तो लागू होता. परंतु पुढें अंमल करतांना त्याची व्याप्ति वाढत गेली, व बाप मेला एवढ्यावरच, आई हयात असतांही, मूल पोरकें ठरूं लागलें. ह्याचें मूळ शब्दाच्या अर्थांत आहे. पोर्तुगेज कायद्याच्या भाषेंत बाप वारलेलें अज्ञान मूल तें पोरकें. आमच्याकडे एकत्र कुटुंबांत बाप गेला तरी आजा, चुलता, आत्या, मोठा भाऊ हीं असतातच. आई जिवंत असलेल्या मुलास पोरकें म्हणणें हा तिचा अपमान होय. एका भाषेंतला शब्द दुसऱ्या समाजावर लादला गेला, आणि त्या फरकाच्या फटींतून मुलें गेलीं.

(३)

लोकांनीं काय केलें? त्यांनीं स्वतः लिहिलेली हकीकत हातीं नाहीं. पण सरकारी व धर्मखात्याच्या कागदांत ती उलट्या बाजूनें उमटली आहे. नवख्रिस्त्यांच्या हितासाठीं ‘ख्रिस्त्यांचा पिता’ ह्या नांवाचा एक अधिकारी गोव्यास असे. त्याच्या कामाचे हुकूम ज्या ग्रंथांत एकत्र केले होते तो ग्रंथ योसेफ विकी ह्यांनीं १९६९ सालीं लिस्बन येथें छापून प्रसिद्ध केला. तो व कुन्य रिवार ह्यांनीं एकोणिसाव्या शतकांत छापलेले गोव्याचे जुने कागद चाळले असतां एक सूर पुनःपुन्हा ऐकूं येतो: पोरकीं मुलें लपवूं नयेत, लपविणाऱ्यांस शिक्षा होईल, मुलांस सीमेपार नेऊं नये. मनाई एकदांच झाली असती तर ती सावधगिरी म्हणतां आली असती. वारंवार झाली ह्याचा अर्थ एकच, कीं लोक मुलें लपवीत होते, सीमेपार नेत होते, आणि हुकुमानें तें थांबत नव्हतें.

ह्यावरून घरचें चित्र काढणें कठीण नाहीं. बाप आजारी पडला कीं वैद्याबरोबरच वाटाड्याचाही विचार करावा लागे. सुतकाचे दिवस दुःखाचे तसेच धोक्याचे, कारण मृत्यु झाल्याची वार्ता न्यायाधीशाकडे जाण्यापूर्वीं मूल पलीकडच्या नातलगांकडे पोंचलें पाहिजे. हें काम एकट्या विधवेच्यानें होणारें नव्हे. होडी देणारा तारी, रात्रीपुरता आसरा देणारा, पलीकडे आपल्या घरीं ठेवून घेणारा मामा, आणि ज्यांस सर्व ठाऊक असून जे बोलत नाहींत असे शेजारी, इतक्यांची साथ असेल तरच तें साधे. ह्या शेवटच्या वर्गाची कामगिरी सर्वांत मोठी होती असें आम्हांस वाटतें.

सामान्यतः मूल हरवलें म्हणजे घर त्याचा शोध करतें. येथें मूल हरवूं नये म्हणून घरानेंच त्यास नाहींसें केलें. न्यायाधीशाच्या दफ्तरीं जें मूल बेपत्ता, तें आरोंद्यास मामाच्या ओटीवर सुखरूप. आणि ज्याची नोंद विद्यालयांत अगदीं चोख, तें आईच्या लेखीं हरवलेलें. बेपत्ता कोण, हें कोणाचें दफ्तर उघडावें ह्यावर अवलंबून आहे.

हा प्रकार तुरळक नव्हता, ह्यास दुसराही पुरावा आहे. ह्या व इतर कडक हुकुमांमुळें कुटुंबेंच्या कुटुंबें देश सोडून गेलीं, शेतें ओस पडूं लागलीं. तेव्हां १५६१ सालीं आलेला व्हाइसरॉय रेदोंदोचा काउंट ह्यानें निघून गेलेल्यांस परत येण्याची व आपली मिळकत घेण्याची मुभा दिली. ज्या सरकारास आपली प्रजा परत बोलवावी लागते, त्या सरकारास ती किती गेली ह्याचा अंदाज असलाच पाहिजे.

(४)

आतां मूळ अडचणीकडे वळूं. विद्यालयांत गेलेल्या मुलास बाप्तिस्म्याबरोबर नवें नांव मिळे, व पुष्कळदां धर्मपित्याचें आडनांवही मिळे. २५ जानेवारी ह्या सांव पावलुच्या धर्मांतराच्या सणास असे बाप्तिस्मे थाटानें व समुदायानें होत. त्या क्षणीं कागदाचा धागा तुटतो. अलीकडे एक नांव, पलीकडे दुसरें. दोहोंस जोडणारी ओळ बहुधा कोणी लिहिली नाहीं. पलीकडे पळविलेल्या मुलाचेंही असेंच होतें. तें मामाच्या गांवीं वाढलें, त्या गांवाच्या नांवानें ओळखलें जाऊं लागलें, आणि मूळ गांवच्या वंशावळींत त्याच्यापुढें फार तर ‘परागंदा’ हा एक शब्द उरला.

ह्याच काळांत देवही नदीपार गेले. कुशस्थळीचा श्रीमंगेश प्रियोळास आला, केळोशीची श्रीशांतादुर्गा कवळ्यास आली, दिवाडीचा श्रीसप्तकोटेश्वर डिचोली महालांत नार्व्यास आला. त्यांच्या स्थलांतराच्या कथा महाजनांनीं जपल्या. कोणीं लिंग उचललें, कोणत्या गांवीं तें ठेवलें, हें परंपरेनें सांगतात. सिंधुदुर्गांतील कितीएक घराण्यांचीं कुलदैवतें आजही गोमंतकांत आहेत, तीं ह्याच घडामोडींची खूण. पण ज्या वाटांनीं देवाची पालखी गेली त्याच वाटांनीं कडेवर गेलेल्या मुलाची कथा मात्र कोणी लिहून ठेविली नाहीं. आमच्या मतें ह्याचें कारण अनास्था नव्हे. देव पोंचल्यावर तो पोंचल्याचें जाहीर करतां येई; मूल पोंचल्याचें जाहीर करणें म्हणजे मागें राहिलेल्यांस शिक्षेस पात्र करणें होय. मौन हेंच त्या मुलांचें संरक्षण होतें, आणि संरक्षण इतकें पुरें झालें कीं इतिहासालाही तीं सांपडत नाहींत.

युरोपांत १८५८ सालीं बोलोन्या शहरीं एका सहा वर्षांच्या यहुदी मुलास, मोलकरणीनें गुपचूप बाप्तिस्मा दिल्याच्या कारणावरून, पोपच्या अंमलदारांनीं घरांतून नेलें. त्याच्या आईबापांनीं अर्ज केले, देशोदेशींच्या वर्तमानपत्रांनीं ओरड केली, तरी नववा पायस ह्या पोपनें मूल परत दिलें नाहीं. परंतु त्या मुलाचें नांव एदगार्दो मोर्तारा हें जगास माहीत आहे. बारदेशच्या मातांस छापखाना नव्हता, आणि त्यांच्या हितासाठीं गप्प बसणेंच शहाणपणाचें होतें.

(५)

मुलें गमावण्याचें दुःख एकाच धर्माच्या वांट्यास आलें असें समजूं नये. शिवछत्रपतींच्या फौजेनें नोव्हेंबर १६६७ मध्यें बारदेशावर स्वारी केली. कुडाळकर लखम सावंत वगैरे देसाई पोर्तुगेज हद्दींत आश्रय घेऊन मराठी मुलखास उपद्रव देत, त्यांचा पाठलाग हें एक कारण. ख्रिस्ती नसलेल्यांस बारदेशांतून घालवून देण्याचा व्हाइसरॉयचा हुकूम हें दुसरें, असें त्या वेळच्या इंग्रजांच्या पत्रांत आहे. ह्या स्वारींत बायकामुलें पकडून नेलीं गेलीं. बारदेशची प्रजा तोंपर्यंत बहुतांशीं ख्रिस्ती झालेली होती. तेव्हां ह्या खेपेस मुलांच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या आया बव्हंशीं ख्रिस्ती होत्या. पोर्तुगेजांकडून रामोजी शेणवी कोठारी व पाद्री गोंसालो मार्तिंश हे बोलणें करण्यास गेले, आणि डिसेंबरांतील तहांत धरून नेलेलीं बायकामुलें खंडणीवांचून परत देण्याचें कलम पडलें. एक शेणवी व एक पाद्री बरोबरीनें मुलें मागण्यास जातात, हा देखावा त्या शतकांत विरळा. डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर ह्यांनीं गोव्याच्या दफ्तरांतून हे कागद उजेडांत आणले. तहाचे कागद वाचणारे आम्ही लोक गढ्या व जकातींचीं कलमें आधीं पाहतों. हें कलमही तितक्याच काळजीनें पाहण्याजोगें आहे.

पुढें १६७७ सालीं कर्नाटकच्या स्वारींत महाराजांनीं वलंदेजांस जो कौल दिला, त्यांत पूर्वींच्या मुसलमानी अमलांत चालत असलेली गुलाम स्त्रीपुरुषांची खरेदीविक्री आपल्या राज्यांत चालणार नाहीं असें बजावलें आहे. ज्या किनाऱ्यावर वेंगुर्ल्यास वलंदेजांची वखार होती व दक्षिणेस गोव्याच्या भर रस्त्यांत माणसें विकलीं जात, त्या किनाऱ्याच्या राजास ह्या व्यापाराची ओळख दूरची नव्हती.

आसऱ्याचा मुलूख मात्र कायमचा राहिला नाहीं. अठराव्या शतकाच्या अखेरीस डिचोली, सत्तरी व पेडणें हे महाल पोर्तुगेजांकडे गेले. तेथील लोकांस धर्म व चालीरीति राखण्याचें वचन मिळालें, म्हणून जुनी गोष्ट तेथें पुन्हां झाली नाहीं. पण सीमा मात्र कोलवाळच्या नदीवरून तेरेखोलाकडे सरकली.

(६)

गांवाचा आणखी एक उपाय सांगून हा लेख पुरा करतों. मालवण, कुडाळ, वेंगुर्लें ह्या बाजूस अरिष्ट आलें म्हणजे ग्रामदेवतेपुढें गाऱ्हाणें घालण्याची व कौल घेण्याची चाल आहे. गाऱ्हाणें एका घराचें असलें तरी तें गुरव वा मानकरी गांवाच्या वतीनें बोलतो व जमलेले सर्व त्यास होकार देतात. कौलाचें फळ कांहींही येवो, एका आईचें दुःख सर्वांच्या तोंडून वदवून घेण्याची ही रीत आहे. तसा होकार दिल्यावर शोधास न जाणें कोणास शोभत नाहीं. परंतु गाऱ्हाणें बोलावयाचें असतें, लिहावयाचें नसतें. तेथेंही कागद नाहींच.

म्हणून संग्राहक मंडळींस आमची विनंति आहे. सावंतवाडी, कुडाळ, पेडणें ह्या भागांतील रुमाल तपासतांना सनदा व राजपत्रें वेगळीं काढून घरगुती चिटोरीं टाकून देण्याची जी रीत पडली आहे ती सोडावी. वंशावळींतील ‘परागंदा’ ह्या शब्दापाशीं थांबावें. वतनाच्या महजरांत फार वर्षांनीं परत आलेला कोणी आपला वांटा मागत असेल, तर तो लहानपणीं कोठें व कां गेला हें पाहावें. अशा माणसाची ओळख पटविण्यास गोतानें जी साक्ष घेतली तींत त्याच्या बाळपणाची एखादी ओळ असण्याचा संभव आहे. सीमेपलीकडच्या देवळाच्या वर्गणीच्या यादींत एखादें नांव कां, मामाच्या घरीं वाढलेल्या पूर्वजाची आठवण कोणत्या घरांत अजून सांगतात, हेंही टिपून ठेवावें. गोव्याच्या दफ्तरांतील नवें नांव व आमच्या रुमालांतील जुनें नांव ह्यांची एकदां जरी गांठ पडली, तरी साडेचारशें वर्षांपूर्वीं हरवलेलें एक मूल घरीं आलें असें होईल.