अमात्यपरीक्षा आणि राज्यघटनेचें ज्ञान

राज्यकारभार चालविणारांस राज्यघटनेचें ज्ञान आहे कीं नाहीं, याची परीक्षा घ्यावी काय, हा प्रश्न नवा वाटतो. वस्तुतः तो जुना आहे. कौटिलीय अर्थशास्त्राचें मूळ शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं म्हैसुरास छापिलें, व रा. प. कंगले यांची संशोधित आवृत्ति मुंबई विद्यापीठानें १९६० सालीं काढिली. त्या ग्रंथांत या प्रश्नाचा विचार क्रमशः केलेला आहे.

पहिल्या अधिकरणाच्या नवव्या अध्यायांत अमात्याचा कोणता गुण कोठून जाणावा हें सांगितलें आहे. जन्मदेशाची माहिती आप्तांकडून घ्यावी; शास्त्रदृष्टि त्याच विद्येंतील जाणत्यांकडून ठरवावी; बुद्धि, धारणा व दक्षता काम आरंभिल्यावर पाहावी. येथें शास्त्र हें अमात्याचे नेत्र मानिले आहेत, आणि ते नेत्र आहेत कीं नाहींत हें समानविद्य पुरुषानेंच सांगावें असा दंडक आहे.

दहाव्या अध्यायांत धर्म, अर्थ, काम व भय या चार उपधा येतात. धर्मोपधेंत शुद्ध ठरलेल्यास न्यायाचें काम, अर्थोपधेंत शुद्ध ठरलेल्यास समाहर्त्याचें व सन्निधात्याचें काम. चारींत उतरेल तोच मंत्री. म्हणजे एका परीक्षेनें सर्व अधिकारांची पात्रता येत नाहीं. मात्र निर्मळ पाण्यांत विष कालवावें तसें निर्दोष मनुष्यास परीक्षेनेंच बिघडवूं नये, असा इशाराही ग्रंथकार देतो. दुसऱ्या अधिकरणाचा नववा अध्याय तर नेमणुकीनंतरही नित्य परीक्षा सांगतो. कारण मनुष्यें घोड्यांसारखीं असून कामास जुंपल्यावर त्यांची वृत्ति पालटते.

परीक्षा घ्यावयाची तर कर्तव्य लेखीं ठरलेलें पाहिजे. राज्याभिषेकाच्या वर्षाचा (१६७४) म्हणून प्रसिद्ध असलेला अष्टप्रधानांचा कानूजाबता हें काम करितो. त्यांत प्रत्येक प्रधानाचें काम वेगळें नेमून दिलें आहे. आपला जाबता न जाणणारा प्रधान दुसऱ्याच्या अधिकारांत हात घालणार, किंवा स्वतःचें काम टाकणार, हें उघड आहे.

भारताच्या संविधानाच्या ८४ व्या कलमांत संसदसदस्यास नागरिकत्व, शपथ व वय यांच्या अटी असून इतर पात्रता ठरविण्याचा अधिकार संसदेस दिला आहे. घटनाज्ञानाची अट त्यांत नाहीं. २६ नोव्हेंबर १९४९ रोजीं घटनासमितींत समारोपाचें भाषण करितांना राजेंद्रप्रसाद यांनीं याच उणिवेबद्दल खेद दर्शविला: कायदा अंमलांत आणणारांस मोठी पात्रता लागावी आणि कायदा करणारांस निवडून येण्यापलीकडे कांहींच लागूं नये, ही विसंगति त्यांस खटकली.

तरीही येथें एक भेद करणें अवश्य आहे. कौटिल्याचा परीक्षक राजा; लोकराज्यांत ते स्थान मतदारांचें. नेमलेल्या अधिकाऱ्याची घटनाज्ञानाची परीक्षा समानविद्यांनीं प्रवेशाच्या वेळीं व पुढेंही घ्यावी, यांत शंका नसावी. परंतु उमेदवारास निवडणुकीपूर्वींच परीक्षेनें अडविलें, तर परीक्षकच मतदारांच्या डोक्यावर बसेल. म्हणून लोकप्रतिनिधीची परीक्षा निवडीनंतर, काम चालूं असतां, उघड सभागृहांत व लोकांसमक्ष व्हावी. ज्या संविधानाशीं निष्ठा राखण्याची शपथ घ्यावयाची, तें शपथेपूर्वीं एकवार साद्यंत वाचावें, एवढी अपेक्षा त्याच्याकडून केल्यास ती जाचक म्हणतां येणार नाहीं.