निद्रिस्त यंत्राचा आहार

ज्या यंत्राला कांहीं काम नाहीं, त्यानें वीज कां खावी? या प्रश्नाचें उत्तर १९६३ सालीं अमेरिकेंतील फेअरचाइल्ड कंपनीच्या प्रयोगशाळेंत फ्रँक वॉनलास व सी. टी. सा यांनीं शोधून काढलें. तत्पूर्वींचीं ट्रान्झिस्टरचीं मंडलें स्वस्थ असतांही वीज गिळीत असत. या दोघांनीं उलट गुणधर्मांच्या ट्रान्झिस्टरांची अशी जोडी जमविली कीं, एक उघडला म्हणजे दुसरा मिटावा व प्रवाहाला आरपार वाटच राहूं नये. स्वस्थ स्थितींतील खर्च सुमारें दहा लाखांतील एका भागावर आला. हीच ‘सीमॉस’ पद्धति.

पुढें सिलिकॉनच्या एका टिकलीवर सबंध गणकयंत्र मावूं लागलें. या मायक्रोकंट्रोलरचें स्पंदन थांबवून त्यास निजविण्याची व संकेत मिळतांच जागविण्याची रीत पडली. नाण्याएवढ्या बॅटरींत सुमारें २२५ मिलिअँपिअर-तास विद्युत् असते. अखंड १ मिलिअँपिअर घेतल्यास ती ९ दिवसांत संपते; १ मायक्रोअँपिअर घेतल्यास हिशेबानें २५ वर्षें पुरते. मात्र एखादें टोंक अधांतरीं राहिलें, तर जोडींतील दोन्ही ट्रान्झिस्टर अर्धवट उघडे राहतात व सारी काटकसर वाहून जाते. ज्या हृदयस्पंदन-नियामकाची बॅटरी संपतांच रुग्णावर पुन्हां शस्त्रक्रिया करावी लागते, त्याच्या बाबतींत हा सूक्ष्म हिशेब जीविताशींच निगडित आहे.