काळ्या वाळूवरचे जागले

राष्ट्रीय उद्यान म्हटले की माणसाचा हात न लागलेला निसर्ग, असे चित्र आपल्या मनात उभे राहते. कोस्टा रिकाच्या कॅरिबियन किनाऱ्यावरचे तोर्तुगेरो हे उद्यान प्रथमदर्शनी या चित्रात चपखल बसते. तिथल्या गावापर्यंत मोटाररस्ता जात नाही. कालव्यांतून होडीने किंवा लहान विमानाने पोहोचावे लागते. काठच्या झाडांवर हाउलर माकडे घुमत असतात, जंगलात जग्वार असतो आणि पलीकडे सुमारे ३५ किलोमीटर लांबीचा काळ्या वाळूचा किनारा पसरलेला असतो. पावसाळ्यातल्या रात्री हिरव्या कासवांच्या माद्या तिथे अंडी घालायला येतात. पश्चिम गोलार्धात या कासवांचे इतके मोठे वीणस्थान दुसरे नाही.

परंतु जरा खोलात गेले की हे चित्र बदलू लागते. यांतले काही कालवे माणसांनी खणलेले आहेत आणि विसाव्या शतकात याच जंगलातून लाकूडतोडही झाली आहे. फार काय, 'तोर्तुगेरो' या नावातच कासवांशी असलेला माणसाचा व्यवहार नोंदलेला आहे. कासव पकडणाऱ्यालाही स्पॅनिशमध्ये हाच शब्द आहे. त्यामुळे या किनाऱ्याकडे निसर्गदृश्य म्हणून न पाहता इतिहासाचे एक साधन म्हणून पाहणे अधिक उपयुक्त ठरते.

हिरव्या कासवाला हे नाव मिळाले ते त्याच्या चरबीच्या हिरव्या रंगामुळे. ही चरबी आणि पाठपोटाच्या ढालींलगतचा चिकट कूर्चेसारखा भाग यांपासून होणारे सूप लंडनच्या मेजवान्यांत प्रतिष्ठेचे मानले जाई. कासव उलटे करून ठेवले, तर आठवडेच्या आठवडे जिवंत राहते. शीतगृहे नसलेल्या काळात जहाजांना असे ताजे मांस मोलाचे होते. तोर्तुगेरोच्या किनाऱ्याचे मैलामैलाचे तुकडे पाडून प्रत्येकावर एकेक माणूस नेमला जाई. रात्री किनाऱ्यावर फिरायचे, वर आलेली मादी पाठीवर उलथायची, मग लाकडी तरंड बांधून तिला लाटांपलीकडच्या होडीकडे सोडायचे, हे त्याचे काम. या माणसाला 'वेलादोर' म्हणत, म्हणजे जागणारा. आपल्या गावगाड्यातल्या जागल्याची आठवण व्हावी असा हा शब्द आहे. फरक एवढाच, की हा जागल्या राखणीसाठी जागत नव्हता.

या किनाऱ्याच्या इतिहासाला वळण मिळाले ते एका पुस्तकामुळे, आणि साहित्याच्या अभ्यासकांनी इथे थोडे थांबावे. फ्लोरिडा विद्यापीठातील प्राणिशास्त्रज्ञ आर्ची कार यांचे 'द विंडवर्ड रोड' १९५६ मध्ये प्रसिद्ध झाले. शास्त्र, प्रवासवर्णन आणि व्यक्तिचित्रण यांच्या सीमारेषेवर ते उभे आहे. त्यातल्या 'द ब्लॅक बीच' या प्रकरणाला कथेसाठी दिला जाणारा ओ. हेन्री पुरस्कार मिळाला, यावरून त्याच्या वाङ्मयीन गुणाची कल्पना यावी. प्रकाशनव्यवसायातले जोशुआ पॉवर्स हे पुस्तक वाचून इतके भारावले की त्यांनी त्याच्या प्रती मित्रांना वाटल्या. त्या मित्रमंडळींतून १९५९ मध्ये कासवांसाठी काम करणारी संस्था उभी राहिली. तोर्तुगेरोला १९७० मध्ये सरकारी आदेशाने आणि १९७५ मध्ये कायद्याने राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. वाङ्मयाने जग बदलते का, या आपल्या जुन्या वादात हे उदाहरण मांडण्याजोगे आहे.

मात्र एवढ्यावर थांबलो तर तो इतिहास लिहिणाऱ्यांचा इतिहास होईल. कार यांच्या ज्ञानाचा मोठा भाग मौखिक परंपरेतून आलेला होता. मादी ठरलेल्या किनाऱ्यावर परतते, कासवाला दूरच्या समुद्रातून वाट सापडते, हे केमन बेटांवरचे कासवमारे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते. खूण केलेली कासवे दूरच्या कोंडवाड्यातून निसटून आपल्या मूळ पाण्यात पुन्हा सापडल्याच्या कथा त्यांच्यात प्रचलित होत्या. कार यांनी त्या भाकडकथा म्हणून उडवून लावल्या नाहीत. १९५५ पासून माद्यांच्या वल्ह्यासारख्या पायांना धातूचे बिल्ले लावून त्या तपासल्या. हे बिल्ले बक्षिसासाठी परत पाठवणारे बहुतेक कोण होते? कासवे मारणारे कोळीच. पुष्कळसे बिल्ले निकाराग्वाच्या किनाऱ्यावरून, मिस्किटो लोकांच्या मासेमारीच्या पाण्यातून आले. कासव मेले तेव्हाच त्याचा प्रवास कागदावर आला, ही या शास्त्राच्या मुळाशी असलेली अस्वस्थ करणारी गोष्ट आहे.

त्याच बिल्ल्यांनी उद्यानाची मर्यादाही दाखवून दिली. मादी तोर्तुगेरोला येते ती दर काही वर्षांनी, काही आठवड्यांपुरती. तिचे एरवीचे आयुष्य परक्या देशाच्या समुद्रगवतावर जाते. तिथे कासव हे मिस्किटो कुटुंबाचे अन्न आहे, रोकड मिळकत आहे आणि त्यांच्या नात्यागोत्यांतल्या देवघेवीचा भाग आहे. २०२५ मध्ये हिरव्या कासवाची जागतिक नोंद 'संकटग्रस्त' वर्गातून वगळण्यात आली. तोर्तुगेरोच्या वाळूवरची घरटी मात्र अलीकडच्या वर्षांत घटली आहेत. एका देशाने कायद्याने राखलेला किनारा दुसऱ्या देशातल्या भुकेपासून आणि बाजारापासून अलग करता येत नाही.

आज रात्री या किनाऱ्यावर परवानाधारक मार्गदर्शकाशिवाय जाता येत नाही. कॅमेरा बंद, विजेरी बंद. मादी अंडी घालू लागेपर्यंत अंधारात मुकाट्याने थांबायचे. वाळूवरचा माग ओळखणारा, पुढे चालणारा हा मार्गदर्शक बहुधा त्याच गावचा असतो. काळोखात पाहण्याची वेलादोराची विद्या अशी वेगळ्या कारणासाठी टिकून राहिली आहे. पण कार यांचे पुस्तक ग्रंथालयात मिळते. ही विद्या फारशी कुणी लिहून ठेवलेली नाही. उद्यानांचा इतिहास लिहिणाऱ्याने फर्माने आणि पुस्तके यांच्याबरोबर या जागल्यांचे बोलणेही साधन म्हणून नोंदवले पाहिजे, आणि ते सांगणारी माणसे आहेत तोवरच नोंदवले पाहिजे.