भट्टीवाला आधी देतो, सरकार नंतर

महाराष्ट्राच्या १९७७ च्या रोजगार हमी कायद्यात एक रुपया लपलेला आहे. काम मागूनही पंधरा दिवसांत सरकारनं काम दिलं नाही, तर मजुराला दिवसाला निदान एक रुपया बेकारी भत्ता द्यायचा, अशी त्यात तरतूद होती. जगात बेकारी भत्ता म्हटला की युरोपातली रांग आठवते, नोकरी गेलेला माणूस आणि दर आठवड्याला 'मी काम शोधतोय' असं लिहून द्यायचा कागद आठवतो. आपल्याकडं गोष्ट उलट्या बाजूनं सुरू झाली. इथं काम शोधायची जबाबदारी कायद्यानं सरकारवर टाकली, आणि ते सापडलं नाही तर दंड म्हणून भत्ता ठेवला. कल्पना म्हणून हे फार मोठं होतं. रुपया मात्र रुपयाच होता.

मी शहापूर तालुक्यातला. कामाची मागणी करणारे अर्ज भरून देण्याचं काम गेली काही वर्षं इथल्या आणि मुरबाडच्या पाड्यांवर करतोय. त्यामुळं या रुपयाचं पुढं काय झालं, हे मला पुस्तकांपेक्षा अर्जांमधून जास्त कळलं. पण आधी थोडं मागं जाऊ.

वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात, विसापूरच्या परिसरात त्यांच्या कल्पनेतून एक प्रयोग झाला: मागेल त्याला काम. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना १९७२ मध्ये ती राज्याची योजना झाली आणि लगेच दुष्काळ पडला. ७२-७३ चा तो दुष्काळ आपल्या आजी-आजोबांच्या बोलण्यात अजून आहे. लाल मिलो, सुकडी, खडी फोडणाऱ्या बायांचे फुटलेले हात. दुष्काळी कामांवर ऐन उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसं होती. दुष्काळ सरला तरी मजूर गप्प बसले नाहीत, मोर्चे निघत राहिले, आणि १९७७ मध्ये कायदा झाला. २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. हाताला काम मिळणं हा कायदेशीर हक्क, असं म्हणणारं देशातलं हे पहिलं राज्य.

पैसा कुठून आला, हे तुमच्या पगारपत्रकावर आजही दिसतं. महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात ना, तो 'पीटी' म्हणजे व्यवसाय कर. १९७५ चा हा कर रोजगार हमीसाठी बसवला. शहरातल्या नोकरदारानं गावातल्या बेकाराचा भार उचलायचा, असा तो सौदा होता. पहिला पगार झाल्यावर या २०० रुपयांवर चिडणारे माझे मित्र आहेत. त्यांना हे मी आवर्जून सांगतो. चिडचिड कमी होत नाही, ही गोष्ट वेगळी.

अटी पहिल्यापासून होत्या. नाव नोंदवा, अर्ज करा, पडेल ते अंगमेहनतीचं काम घ्या. आणि एक अट अशी, की जी देशावरच्या मोठ्या गावांना जाचली नाही पण आमच्याकडं नडली. नवं काम उघडायला तेव्हा किमान ५० मजूर लागत. शहापूर-मुरबाडमधला पाडा वीस-पंचवीस घरांचा. डोंगराच्या एका सोंडेवर एक, दुसऱ्या सोंडेवर दुसरा, मध्ये ओढा. ५० माणसं जमवायची तर तीन पाडे गोळा करावे लागत, आणि काम एकाच्या दारात तर दुसऱ्यापासून दोन तास लांब. दुष्काळी माणदेश डोळ्यांपुढं ठेवून केलेला कायदा सह्याद्रीच्या उतारावर कसा बसणार?

आमच्याकडचा दुष्काळही वेगळा. पाऊस धो-धो. भातसा, तानसा, वैतरणा या धरणांचं पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात आमच्या गावांना टँकर येतो, हे आता सगळ्यांना माहीत झालंय. भाताचं एकच पीक. दिवाळीपर्यंत कापणी-झोडणी आटोपते आणि मग पुढच्या पावसापर्यंत हाताला काम नाही. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी समाजाच्या माणसांचं हे सात महिन्यांचं कोडं आहे. कातकऱ्यांकडं तर बहुतेकदा भाताचं शेतही नाही.

या कोड्याला सरकारच्या आधी उत्तर दिलं ते वीटभट्टीवाल्यानं.

पावसाळ्यात घरातलं धान्य संपतं, तेव्हा भट्टीवाल्याचा माणूस पाड्यावर येतो आणि उचल देतो. हातात रोख. कागद नाही, आधार नाही, अंगठ्याचं मशीन नाही. दिवाळीनंतर ट्रक येतो, कुटुंब पोरांसकट आणि कोंबड्यांसकट भिवंडी-कल्याणकडच्या भट्टीवर जातं आणि पावसापर्यंत ती उचल फेडतं. हिशोब मालकाच्या वहीत. हंगाम संपला की बऱ्याचदा कळतं, की अजून काही फिटायचं बाकी आहे, ते पुढच्या वर्षी. म्हणजे पैसे 'जास्त' दिले गेले, ते आता वसूल होणार. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ चा. तरी त्यानंतर काही वर्षांनी वसई भागातून उभ्या राहिलेल्या श्रमजीवी संघटनेला ठाणे जिल्ह्यात वेठबिगार मुक्तीसाठी लढावंच लागलं.

सरकारनंही उचलीला पर्याय शोधला होता, खावटी कर्जाच्या रूपात. पावसाळ्यात आदिवासी कुटुंबाला धान्य आणि रोख, नंतर परतफेड. परतफेड कुठून होणार? थकबाकी साचत गेली, माफीच्या मागण्या झाल्या, योजना बंद पडली. करोनाच्या वर्षी, २०२० मध्ये, ती कर्ज म्हणून नव्हे तर अनुदान म्हणून परत आली: कुटुंबाला ४००० रुपये, अर्धे खात्यात, अर्ध्याच्या वस्तू. त्या वस्तू अनेक पाड्यांवर पोहोचेपर्यंत पुढचं वर्ष उजाडलं होतं. पावसाळ्याच्या भुकेसाठीची डाळ पाऊस संपल्यावर मिळाली, तर भट्टीवाल्यानं मधल्या काळात काय केलं असेल, हे सांगायला नको.

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा झाला आणि २००८ पासून तो देशातल्या सगळ्या ग्रामीण जिल्ह्यांत आला. महाराष्ट्राच्या रुपयाची तिथं बढती झाली. काम न दिल्यास पहिले ३० दिवस मजुरीच्या निदान एक चतुर्थांश आणि पुढं निदान निम्मा भत्ता. २०२५-२६ च्या ३१२ रुपये दरानं हे ७८ आणि १५६ रुपये होतात. मात्र दिलेलं काम नाकारलं, किंवा बोलावल्यावर पंधरा दिवसांत कामावर हजर झाला नाहीत, तर तीन महिने भत्त्याचा हक्क जातो. आणि एक बारीकशी मेख आहे: मजुरी केंद्र देतं, भत्ता राज्यानं स्वतःच्या खिशातून द्यायचा.

ही मेख कुठं टोचते ते पाहायचं असेल, तर आमच्याबरोबर एकदा अर्ज द्यायला चला. कामाची मागणी 'नमुना ४' वर करायची आणि 'नमुना ५' म्हणजे तारखेसह पोच घ्यायची. पंधरा दिवस मोजायचे ते या पोचेपासून. अर्ज कोणी नाकारत नाही. "ठेवून जा ताई, बघतो." पोच मागितली की साहेब मीटिंगला असतात, शिक्का कपाटात असतो, कपाटाची चावी दुसऱ्याकडं असते. तारीखच नसेल तर पंधरावा दिवस उगवत नाही, आणि पंधरावा दिवस नाही तर भत्ता नाही. एका पाड्यावरच्या आजी मला म्हणाल्या होत्या, "कागुद दिला ना बाला, मंग कागुद घेतल्याबिगर निघायचा नाय." कायद्याचं कलम मी त्यांच्यापेक्षा बरं सांगू शकलो नसतो. त्या दिवशी बावीस बायका ओसरीवर चार तास बसल्या, तेव्हा चावी मिळाली.

भत्ता मिळवणं इतकं अवघड, की त्यापेक्षा काम सुरू होतं. हाही एक फायदाच म्हणा. समतल चर, दगडी बांध, शेततळं, रोपवाटिका असं काहीतरी निघतं. मग दुसरा खेळ सुरू होतो, मजुरीच्या वाटेचा.

जुन्या रोजगार हमीत मजुरी कामावरच रोख वाटली जायची, तिचा काही भाग धान्याच्या कुपनात. उशीर तेव्हाही होता. पण दोषी समोर दिसायचा: मुकादम, हजेरी कारकून, त्याच्यावरचा अभियंता. बोगस मस्टरचे प्रकार महाराष्ट्रात खूप गाजले. मेलेल्या माणसांच्या नावे हजेरी, एकाच हातानं दिलेले पंचवीस अंगठे. सरकारचा पैसा जास्त जात होता, हे खरंच होतं. त्यावर उपाय म्हणून एकेक कुलूप लागत गेलं. आधी मजुरी बँक-पोस्टाच्या खात्यात, मग संगणकावरचं मस्टर, मग थेट दिल्लीतून खात्यात पैसे. २०२३ पासून दिवसातून दोनदा मोबाइल ॲपवर मजुरांचा फोटो, १ जानेवारी २०२४ पासून आधारला जोडलेल्या खात्यातच मजुरी. प्रत्येक कुलूप जास्तीचा रुपया बाहेर जाऊ नये म्हणून होतं आणि प्रत्येकाची किल्ली शेवटी मजुराला शोधावी लागली. डोळखांब किंवा टोकावड्याच्या पलीकडं, डोंगराच्या कुशीत रेंज नसते. फोटो चढला नाही तर दिवसभर चर खणलेली बाई त्या दिवशी गैरहजर.

आधारचा एक प्रकार तर मला समजायलाच वेळ लागला. पैसे खाते क्रमांकावर जात नाहीत. आधारला सगळ्यात शेवटी जे खातं जोडलं, त्यात जातात. कोणी शिबिरात नवं खातं उघडलं, कोणी मोबाइलचं सिम घेताना अंगठा दिला आणि तिथंच खातं निघालं, तर मजुरी तिकडं. ऑनलाइन नोंदीत 'यशस्वी', हातात काही नाही. एका पाड्यावर एकाच नावाचे दोन चुलतभाऊ होते. नोंदणीत गोंधळ झाला आणि एका आठवड्याची दोघांची मजुरी एकाच्याच खात्यात आली. तालुक्याच्या कचेरीत आम्ही तीन खेपा घातल्या. दुरुस्ती झाली नाही, उलट ज्याला जास्त गेले त्याच्याकडून वसुली होईल, अशी भीती दाखवली गेली. भावांनी मात्र पहिल्या संध्याकाळीच आपसात वाटणी केली होती. सुटे नव्हते, म्हणून उरलेल्या रकमेचे तांदूळ मोजून दिले. आम्ही कचेरीच्या खेपा का घालत होतो, हे त्यांना शेवटपर्यंत नीट कळलं नसावं.

उशिराबद्दलही कायद्यात भरपाई आहे. मस्टर बंद झाल्यापासून पंधरा दिवसांत मजुरी मिळाली नाही, तर सोळाव्या दिवसापासून थकलेल्या रकमेवर रोज ०.०५ टक्के. हिशोब करून पाहू. सहा दिवसांची मजुरी १८७२ रुपये. त्याचे रोजचे ०.०५ टक्के म्हणजे ९४ पैसे. १९७७ चा रुपया आठवतोय? जवळपास अर्धशतकानं आपण त्याच्याही सहा पैसे खाली आहोत. महिनाभर उशीर झाला तर २८ रुपये. तेवढ्यात चौकशीसाठी तालुक्याला जाऊन येणंही होत नाही, आणि चौकशीला गेलेला दिवस बुडतो तो वेगळाच. त्यातही ही भरपाई वर्षानुवर्षं फक्त स्थानिक पातळीवरच्या उशिराची मोजली जात होती. कागद वर गेल्यावर केंद्राकडं पैसे अडकले तर तो उशीर हिशोबातच नव्हता. मे २०१८ मध्ये स्वराज अभियानच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की मजुराला पूर्ण उशिराची भरपाई मिळाली पाहिजे. उशीर कोणाच्या टेबलावर झाला, याच्याशी मजुराला काय करायचंय?

तर मग लोक भट्टीवर का जातात, या प्रश्नावर मला अडाणीपणा, व्यसन, सवय अशी उत्तरं ऐकवली जातात तेव्हा राग येतो. भट्टीवाला जुलैत पैसे देतो आणि जानेवारीत काम घेतो. सरकार जानेवारीत काम घेतं आणि पैसे मार्चमध्ये, कधी त्याहून पुढं. ज्याच्या घरात आठवड्याचं धान्य नाही, त्यानं काय निवडावं? एका बाईनं मला विचारलं होतं, "भाऊ, तुमची योजना चांगली हाय. पर आधी थोडे देत्यात का?" या प्रश्नाला कोणत्याही शासन निर्णयात उत्तर नाही.

ज्याच्या नावे ईएसआय कापला जातो, अशा मुरबाड एमआयडीसीतल्या कामगाराची नोकरी गेली तर त्याला २०१८ च्या अटल विमित व्यक्ती कल्याण योजनेतून काही काळ रोख मदत मिळू शकते, अटी पुऱ्या झाल्या तर. त्याच कारखान्याच्या कुंपणाची भिंत ज्यांच्या विटांनी उभी राहिली, ते त्या यादीत नाहीत.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं मनरेगाच्या जागी नवा कायदा मंजूर केला. दिवस १०० चे १२५ झाले. खर्चातला राज्याचा वाटा वाढून बहुतेक राज्यांसाठी ४० टक्के झाला. शेतीच्या हंगामात वर्षातले ६० दिवसांपर्यंत कामं बंद ठेवायची मुभा आली. बेकारी भत्ता आहेच, आणि तो राज्यानंच द्यायचा हेही तसंच आहे. आता कामाच्या मजुरीतही राज्याचा हात जास्त अडकला, तर पोचेवरचा शिक्का आणखी खोल कपाटात जाईल का, हे आम्हाला लवकरच कळेल. पेरणी-आवणीत स्वतःचं शेत असलेल्याला काम असतं. शेत नसलेल्या कातकऱ्याला त्या ६० दिवसांत कोण विचारणार, हेही माहीत आहे. भट्टीवाल्याचा माणूस त्याच सुमाराला येतो.

यंदा आम्ही अर्ज गणपतीच्या आधीच भरायला घेतलेत. एरवी दिवाळीनंतर भरायचो, तोवर उचल घेऊन झालेली असायची.